जास्तीची सव्वा मूठ

नोकरीतले खून-दरोडे बरेचसे विसरलो, पण एका साध्या मोटारचोरीचा तपास मात्र काल-परवाचा वाटावा इतका ताजा आहे. मोटार म्हणजे रस्त्यावर धावणारी नव्हे. विहिरीवरची, पाच हॉर्सपॉवरची, पाणी उपसायची. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी सातारा जिल्ह्यातला, नवाकोरा उपनिरीक्षक, आणि पहिलीच नेमणूक खानदेशात, अमळनेर-धुळे रस्त्याकडेच्या एका ठाण्यात. सत्तरेक गावं आणि आम्ही वीस-बावीस माणसं. त्यातले दोघं कायम समन्स वाटायला गेलेले, एक कायम आजारी.

प्रशिक्षण विद्यालयात आम्हाला गुन्हेशास्त्र शिकवायला एक शांत स्वभावाचे मास्तर होते. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ मारून डावीकडे 'बाह्य नियंत्रण' आणि उजवीकडे 'आंतरिक नियंत्रण' असं लिहिलं होतं. बाह्य म्हणजे कायदा, पोलीस, तुरुंग, गावाची नजर, भाऊबंदांचा धाक. आंतरिक म्हणजे लहानपणापासून मनात मुरलेलं, कोणी पाहत नसतानाही माणसाचा हात धरून ठेवणारं. मी परीक्षेत त्या प्रश्नाला भरपूर गुण मिळवले आणि फळ्याच्या डाव्या बाजूवर नोकरी सुरू केली. उजवी बाजू कीर्तनकारांची, आपल्याला तिच्याशी काय करायचंय, असा माझा पक्का समज होता.

तर ज्येष्ठात एका सकाळी एक बडे शेतकरी ठाण्यात आले. गावात त्यांना सगळे नाना म्हणत, आपणही नानाच म्हणू. मळ्यातली मोटार रातोरात गेली, अशी त्यांची तक्रार. गुन्हा दाखल केला, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि हवालदारांना घेऊन घटनास्थळी गेलो. हे हवालदार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, त्याच भागातले, आणि बोलताना समोरचा साहेब आहे की शिपाई याचा फारसा विचार न करणारे. मोटारीचे बोल्ट नीट पान्याने खोलले होते, पट्टा काढून बाजूला गुंडाळून ठेवला होता. हवालदार पट्ट्याकडे बघून म्हणाले, "साहेब, चोर मोठा टापटिपीचा दिसतोय."

संशयित दोन निघाले. पहिला नानांचा सालदार. सालदार म्हणजे एका आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पुढच्या आखाजीपर्यंत वर्षभराच्या बोलीवर शेतावर राहणारा गडी. त्याने मळ्यात झोपायचं, राखण करायची. पण त्या रात्री तो मळ्यात नव्हता. दुसरा संशयित गावातल्याच एका घरातला धाकटा मुलगा. अमळनेरला मोटारी दुरुस्त करायला शिकलेला, आणि त्याच आठवड्यात गावातून नाहीसा झालेला.

आता सरळ बुद्धीच्या माणसाने दुसऱ्याच्या मागे लागायला हवं होतं. मीही लागलो, नाही असं नाही. पण तो सापडेना आणि सालदार तर समोर उभा. पोलिसांची ही जुनी खोड, जो हाताशी लागतो तोच जास्त संशयास्पद दिसायला लागतो. मी सालदाराला ठाण्यात बोलावलं आणि तीन दिवस रोज बसवून घेतलं.

"रात्री कुठे होतास?"

तो तिसऱ्या दिवशी बोलला. गावात वर्गणी काढून व्हिडिओ आणला होता, चौकात पडदा लावून पिक्चर दाखवत होते. हा मळा सोडून तिथे गेला होता, आणि मालकाला कळेल म्हणून मागे गोठ्याच्या आडोशाला उभं राहून बघत होता. त्यामुळे त्याला कोणी पाहिलेलं नाही.

"पिक्चरमध्ये काय होतं, सांग."

त्याने सगळं सांगितलं, मारामारीसकट. हवालदार मध्येच म्हणाले, "साहेब, मीपण बघितलाय, बरोबर सांगतोय." पण पिक्चर पाहिला म्हणजे मोटार नेली नाही, असं कुठे ठरतं? मुद्दाम मळा सोडून साथीदाराला वाट मोकळी करून दिली असेल, असा तर्क नानांनी लढवला आणि मला तो पटला. अंगाला हात लावला नाही, पण आठवड्यातून दोनदा हजेरी लावली. तो सहा मैल चालत यायचा, दिवसभर ठाण्याच्या ओट्यावर बसायचा आणि संध्याकाळी चालत परत जायचा.

नानांनी त्याला कामावरून काढलंच. पण खरं संकट पुढे होतं. सालदाराच्या हातात मालक सगळं शेत सोपवतो, बैल, अवजारं, खळ्यावरचं धान्य. चोर म्हणून ज्याचं नाव निघालं त्याला पुढच्या आखाजीला पंचक्रोशीत कोणी साल देणार नव्हतं. गावातल्या पोरांनी त्याचं नावच 'मोटार' पाडलं होतं. "ए मोटार, कुठे चालली?" असं विचारायचे. हे त्याने स्वतः मला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही, मी विचारलं म्हणून.

दुसऱ्या संशयिताच्या घरी मी तीनदा गेलो. घरात वडील, दोन मोठे भाऊ, एक चुलता आणि या सगळ्यांना धाकात ठेवणारी त्याची आई. तिला गावात अक्का म्हणत. काटक बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही आणि नजरही कधी ढळली नाही.

"अक्का, मुलगा कुठे आहे?"

"माले ठाऊक नही, साहेब."

"पत्र?"

"नही."

"परत कधी येणार?"

"जित्ता शे का मेला, ते बी माले ठाऊक नही."

इतक्या ठामपणे म्हणाली की मीच ओशाळलो. बाहेर आल्यावर हवालदारांना म्हटलं, "बाई खरं बोलतेय." ते म्हणाले, "साहेब, पोटच्या पोराला मेला म्हणताना डोळ्यात पाणी आलं नाही. काय ते तुम्ही ठरवा." मी काहीच ठरवलं नाही. धुळ्याला जाऊन भंगारवाल्यांची दुकानं दोनदा पालथी घातली, मालेगावला बिनतारी संदेश पाठवला. मोटारीचा पत्ता नाही. दीड महिना असाच गेला, श्रावण उजाडला.

नागपंचमीनंतर एका सकाळी हवालदार माझ्या टेबलासमोर आले. हातात चहाचा कप, चेहऱ्यावर मोठ्या खबरीचं तेज.

"साहेब, आपला पोऱ्या रविवारी येतोय."

"खबऱ्या कोण?"

"आमची मंडळी."

हवालदारांच्या बायकोचं माहेर त्याच गावचं, आणि ती चार दिवसांसाठी तिकडे जाऊन आली होती. मी म्हटलं, तिने त्याला पाहिलं का? नाही. पत्र आलंय का? माहीत नाही. मग कशावरून?

"अक्काने पाच माणसांच्या मुठी मोजल्या."

मला काडीचाही बोध झाला नाही. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि मला कानबाई समजावून सांगितली. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई मांडतात. नारळाची देवी, नथ-डोळे लावलेली. तिच्या नैवेद्याला गव्हाचे रोट, म्हणजे पोळ्या, करतात. त्यासाठी भाऊबंद एका घरी जमतात आणि घरातल्या पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून घालतात. त्या भाऊबंदांत माणशी सव्वा मूठ अशी रीत. नाव घ्यायचं, मूठ घालायची. ते रोट घरच्यांनीच खायचे. पाहुण्याला द्यायचे नाहीत, गुरांना घालायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. म्हणून माणूस मुंबई-सुरतेला असला तरी त्या दिवशी घर गाठतो.

"बरं, मग?"

"अक्काच्या घरात खाणारे चार. नवरा, दोन पोरं, दीर. तिने पाच जणांच्या मुठी घातल्या. कोणी तरी विचारलंसुद्धा, अक्का, तुमच्यात तर चार ना? तर म्हणाली, पाच मोज."

"अहो, आई आहे. मुलगा परागंदा झाला तरी त्याच्या नावाने घालणारच."

"तिथेच तर मेख आहे, साहेब. रोट उरवता येत नाही आणि बाहेर देता येत नाही. मग न येणाऱ्याची मूठ कशाला घालतील? त्याच भाऊबंदातला एक पोरगा फौजेत आहे, त्याला रजा नाही मिळाली. त्याची मूठ घातली नाही. त्याची आई तिथेच बसलेली होती."

प्रशिक्षणात बोटांचे ठसे, पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, सगळं शिकवलं होतं. गव्हाची मूठ कोणी शिकवली नव्हती.

रविवारी आम्ही सापळा लावला. मी साध्या वेशात जायचं ठरवलं. धोतर, पांढरी टोपी, हातात काठी, बैल बघायला आलेला व्यापारी. आरशात बघून मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. गावात शिरलो तर पारावर बसलेल्या पहिल्याच म्हाताऱ्याने हात जोडले, "रामराम, फौजदार साहेब. आज ड्रेस नही का?" मागे हवालदार खोकल्याचं सोंग करून हसत होते. मी टोपी काढून खिशात घातली आणि त्यांच्या सासुरवाडीच्या ओसरीवर जाऊन बसलो. तिथून अक्काचं घर समोर दिसत होतं. गावभर पुरणाचा आणि तळलेल्या भोपळ्याच्या भज्यांचा वास. मी सकाळपासून उपाशी. घरची माऊली म्हणाली, "साहेब, राग नका मानू. चहा करी देस, पण रोट देता येत नही." मी चहावर चहा पीत बसलो.

दुपारी तीनच्या सुमाराला एस.टी. आली. पिशवी घेतलेला एक सडपातळ तरुण उतरला आणि मागच्या गल्लीने घराकडे गेला. त्याने चपला दाराबाहेर काढल्या आणि आम्ही उठलो.

घरात शिरलो तेव्हा पंगत बसलेली होती. पाटावर कानबाई, समोर दिवा. वडील, भाऊ, चुलता बसलेले, आणि पाचवं ताट मांडलेलं. मुलगा नुकताच पाय धुऊन ताटावर बसत होता. आम्हाला बघून त्याची पाचावर धारण बसली. मी पुढे होणार इतक्यात हवालदारांनी माझी बाही धरली. अक्का मुलासमोर उभी होती आणि तिने ताट त्याच्या पुढून उचलून हातात घेतलं होतं. मला वाटलं, आमच्यामुळे घेतलं असेल. पण तिचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. आम्ही आत यायच्या आधीच ती बोलायला लागली होती.

"हात नको लावजो. पहिले सांग, मोटार तू लिधी का?"

मुलाने पुढे केलेला हात मागे घेतला.

"तो गडी दीड महिना ठाणामा चकरा मारी राहिना. तुन्हासाठे. सांग."

मुलाने होकारार्थी मान हलवली.

"मंग पहिले त्यानं नाव मोकळं कर. तव्हर हाई ताट तुन्हं नही."

मग ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता पाया पडेल, रडेल. दहापैकी नऊ आया तेच करतात. पाटावरच्या कानबाईकडे हात करून ती म्हणाली, "साहेब, तुमले मी खोटं बोलनी. मना पोऱ्या शे, बोलनी. पण हिन्हा म्होरे खोटी मूठ घालता येत नही."

मी तिला म्हटलं, "अक्का, चौघांच्याच मुठी घातल्या असत्या तर आम्हाला कळलंही नसतं."

"मंग तो काय खाता?" ती म्हणाली. या बाईने मला तीनदा तोंडावर बनवलं होतं, आणि राग यायच्या ऐवजी मला तिचा अभिमान वाटत होता. आमच्या हातात बेड्या होत्या, कोठडी होती, आणि तिच्या हातात नुसतं एक ताट होतं. मुलगा बघत होता तो ताटाकडे.

मुलाचा जबाब घ्यायला मला एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. नानांची मोटार त्यानेच पूर्वी दुरुस्त केली होती. ती पुन्हा जळाली तेव्हा नानांनी भर बाजारात चारचौघांसमोर "याला पाना धरता येत नाही" म्हणून त्याची टर उडवली. डोक्यात राख घालून त्याने मोटार काढली. नानांची फजिती बघायची आणि दोन दिवसांनी गुपचूप परत ठेवायची, असा बेत. पण नाना तडक ठाण्यात गेले, गावात पोलीस आले, आणि याने सुरतेची गाडी पकडली.

"मोटार विकलीस कुठे?"

"विकली नाही साहेब. नानांच्याच जुन्या कोरड्या विहिरीत सोडली आहे. वर पाला टाकलाय."

मी हवालदारांकडे बघितलं, त्यांनी छताकडे बघितलं. धुळे झालं, मालेगाव झालं, आणि मोटार चोरी झाल्या जागेपासून दोन शेतं पलीकडे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? पंच बोलावले, पंचनामा केला, कप्पी लावून मोटार वर काढली. नाना काठावर उभे. "अरे, ही तर माझीच मोटार," ते म्हणाले. हवालदार म्हणाले, "नाना, विहीरही तुमचीच आहे." पंचांना सही करताना हसू आवरेना.

आता खरी धावपळ सुरू झाली. पौर्णिमा गुरुवारी होती. तोवर त्याच्या वाटचा रोट संपायला हवा, आणि अक्का तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती. सोमवारी मी आरोपीला कोर्टात हजर केलं. मुद्देमाल मिळालेला, तपास पूर्ण, तेव्हा पोलीस कोठडी मागितलीच नाही. वरिष्ठांनी फोनवर विचारलं, "इतकी घाई कसली? आरोपी तुमचा नातलग आहे का?" मी म्हटलं, "नाही सर, रोटाचा प्रश्न आहे." सुदैवाने साहेब चाळीसगावकडचे. म्हणाले, "मग लवकर आटपा." मी आयुष्यात इतक्या वेगाने कागदपत्रं केलेली नाहीत. ठाणे अंमलदार सांगत होता की खुनाच्या तपासात साहेब एवढे पळाले नव्हते. बुधवारी दुपारी जामीन झाला.

मुलगा सुटला आणि घरी न जाता आधी चौकात गेला. जिथे व्हिडिओचा पडदा लावला होता तिथेच, संध्याकाळी लोक शेतावरून परतायच्या वेळी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला की मोटार मी काढली, सालदाराचा त्यात काही संबंध नाही. नाना तिथेच होते, त्यांना चूक कबूल करावी लागली. सालदार म्हणाला, "बरं झालं." एवढंच. त्या रात्री अक्काने मुलाला ताट वाढलं. पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला आणि पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटला. त्याने स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं. नानांच्या मोटारी तिथेच जायच्या, नाना कुरकुरत का होईना.

हे सगळं झालं तरी माझं एक काम राहिलं होतं. संशयितांच्या यादीतून सालदाराचं नाव काढलं, वरिष्ठांना अहवाल पाठवला. कागदोपत्री काही शिल्लक नव्हतं. पण दोन-तीन दिवस मला जेवण गोड लागेना. चोर सोडून संन्याशाला धरायचं काम मी केलं होतं, आणि गावाने त्याला 'मोटार' म्हणायला सुरुवात केली ती माझ्या हजेरीमुळे. शेवटी एका सकाळी गणवेश चढवून मी मोटारसायकल काढली आणि त्याच्या गावी गेलो. तो पारावर बिडी ओढत बसला होता, आजूबाजूला आठ-दहा माणसं. मला बघून तो सवयीने उठला आणि विचारू लागला, "आज हजेरी शे का साहेब?"

मी सगळ्यांसमोर सांगितलं, "हजेरी नाही. मी माफी मागायला आलोय. तुझी चूक नव्हती, माझी होती."

त्याने माझ्याकडे नीट बघून घेतलं, बिडी विझवली आणि विचारलं, "साहेब, तुम्ही आले नसते तर तुमले कोनी विचारलं असतं का?"

"नाही."

"वरचे साहेब?"

"नाही. कोणीच नाही."

"मंग कसाले उनात एवढ्या लांब?"

फळ्यावरची उजवी बाजू मी परीक्षेत पाठ करून लिहिली होती, पण माझ्याही आत ती आहे हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं. पुढे तीस वर्षं नोकरी केली. आम्ही वीस-बावीस माणसं सत्तर गावं सांभाळतो असं वाटणं हा आमचा भ्रम आहे, ती गावं बहुतेक आपली आपणच सांभाळली जातात. आम्ही उरलेलं बघतो. हे मी नंतर नव्या पोरांना अनेकदा सांगितलं. त्यांना ते कीर्तन वाटायचं आणि मी त्यांना दोष देत नसे.

सालदाराने माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पारावर जागा करून दिली, म्हणाला, "बठा साहेब." मी बसलो. पुढच्या आखाजीला त्याला साल मिळालं. त्याला ठेवून घेणारा माणूस तेव्हा पारावरच बसलेला होता, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.